मुलगी म्हणते एकटी जाते, घर म्हणतं हवा वाईट आहे

रानजाई

नमस्कार. धागा जरा विस्कळीत होणार आहे, सांभाळून घ्या.

मुलगी सहावीत आहे. आम्ही पुण्यात कर्वेनगरात राहतो, शाळा डेक्कनच्या अलीकडे. पहिलीपासून व्हॅनकाका ने-आण करायचे, त्यांनी दिवाळीनंतर काम थांबवलं. दुसरी व्हॅन शोधायच्या आत बाईसाहेबांनी जाहीर केलं, "मी पीएमटीनं जाणार, वर्गातल्या दोघी जातातच." (शहर बससेवेचं नाव २००७ सालीच पीएमपीएमएल झालं, आमच्या घरात मात्र अजून पीएमटीच.)

मला वाटलं, वाद रहदारीवरून होईल. झाला तो हवेवरून. नवऱ्याच्या फोनमधल्या ॲपवर त्या सकाळी आमच्या भागाचा एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) १५४, रंग लालभडक. सासऱ्यांनी सरकारी संकेतस्थळ उघडलं, तिथे ९८, हिरवा, खाली 'समाधानकारक'. नवरा म्हणतो, "असल्या हवेत ती स्टॉपवर उभी राहणार? मी कारनं सोडतो." सासरे म्हणतात, "दोघांतला एक जण खोटं बोलतोय. मागच्या पावसाळ्यात रेड अलर्ट म्हणून शाळा बंद ठेवली, त्या दिवशी गच्चीवर कपडे खडखडीत वाळले. यांच्या भरवशावर पोरीला कोंडू नका." म्हणजे मुलीला जाऊ द्यावं असं म्हणणारे घरात एकटे सासरेच, आणि त्यांचं कारण काय, तर शास्त्रज्ञांवर विश्वास नाही!

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे आकडे वेगळे का, आणि त्यावरून काही ठरवावं का? आणि तुमची मुलं एकटी जातात का, कशी सुरुवात केलीत? 'आमच्या वेळी' सोडून काहीही सांगा.

चहा_कमी_साखर

रुमाल टाकून ठेवते. आमचे चिरंजीव पाचवीत, पुढच्या वर्षी हाच तमाशा आमच्याकडे.

पेठेतला_म्हातारा

'आमच्या वेळी' नको म्हणालात म्हणूनच सांगतो. सायकलींचं शहर म्हणायचे पुण्याला, ते उगीच नव्हे. सायकलला बिल्ला लागायचा, रात्री दिवा नसला की पोलीस धरायचा, डबलसीट दिसलात तरी धरायचा. पाचवीपासून नारायण पेठेतून नदीपलीकडे शाळेत आम्ही टोळीनं जायचो, आणि घरचे कोणी मागे यायला निघाले असते तर आम्हालाच लाज वाटली असती. हवेचा आकडा कोणी विचारला नाही.

चिऊताई_एरंडवणे

काका, टोळीत मुली किती होत्या? माझी आई त्याच काळात सदाशिव पेठेत वाढली. तिला सायकल मिळाली कॉलेजात, तीही धाकट्या भावाची जुनी. एकटं फिरायचं स्वातंत्र्य सगळ्यांना होतं असं नका सांगू.

आणि आकडा विचारला नाही, कारण आकडाच नव्हता. पेट्रोलमध्ये शिसं होतं की तेव्हा. देशभर शिसंविरहित पेट्रोल सक्तीचं झालं ते २००० साली. तोवर ते आपल्या सगळ्यांच्या नाकातोंडात जातच होतं.

पेठेतला_म्हातारा

मुलींचा मुद्दा मान्य. शिशाचं ठाऊक नव्हतं.

शंकेखोर

रानजाई, तुमचे सासरे शहाणे आहेत. हे आकडे सोयीचे असतात. सरकारला हिरवं दाखवायचं असतं, ॲपवाल्याला लाल, कारण त्याला हवा शुद्ध करायचं यंत्र विकायचं असतं. मी दोन्ही बघणं सोडून दिलं. नाक आहे की आपल्याला.

धूळपाटी

नाकाला पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचा, वास येत नाही, हीच तर अडचण आहे :)

मी हवेतल्या कणांच्या मोजणीतच काम करतो (सरकारी नोकरी नाही, ॲपवालाही नाही), म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रानजाई, दोघांपैकी कोणीही खोटं बोलत नाही. यंत्र मोजतं ते एका घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम कण आहेत ते. समजा पीएम २.५ साठ आलं. भारताच्या पट्टीवर साठ म्हणजे निर्देशांक १००, 'समाधानकारक' या पायरीचं टोक. हेच साठ अमेरिकेच्या पट्टीवर बसवलं की दीडशेच्या वर जातं आणि रंग होतो लाल. बरीच खासगी ॲप्स अमेरिकी पट्टी वापरतात आणि तसं ठळक लिहीत नाहीत. तुमच्या घरातले १५४ आणि ९८ हे बहुधा एकाच हवेचे दोन आकडे आहेत. यापुढे निर्देशांक सोडा आणि खाली बारीक अक्षरात असलेला मायक्रोग्रॅमचा आकडा बघा. तो जुळायला लागला की निम्मं भांडण संपेल.

उरलेलं निम्मं सरासरीचं. आपला अधिकृत निर्देशांक कणांसाठी मागच्या चोवीस तासांची सरासरी धरतो, ॲप बहुतेक वेळा ताज्या तासाचं दाखवतं. हिवाळ्यात पुण्यात पहाटे थंड हवा खाली बसते, वर उबदार थराचं झाकण, भोवती टेकड्या. त्यातच सात ते दहा वाहनांची गर्दी. त्यामुळे सकाळचा आकडा चढतो आणि दुपारी ऊन तापलं की उतरतो. शाळेची वेळ नेमकी चढाची. दिवसभराची सरासरी 'समाधानकारक' असली तरी सव्वासातचा तास तसा असेलच असं नाही. इथे सरकारी आकडा बरोबर आहे, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही.

शंकेखोर, पट्टी ढिली आहे ही तुमची तक्रार असेल तर मी तुमच्या बाजूनं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये पीएम २.५ साठी वर्षाची मर्यादा ५ वर आणली, आपलं २००९ चं मानक अजून ४० आहे. त्यावर जरूर भांडावं. पण पट्टी ठरवणं हा धोरणाचा भाग झाला, मोजणारा वेगळा. पट्टीचा राग यंत्रावर काढला तर भांडायला हातात काहीच उरत नाही.

शंकेखोर

बरं, यंत्र खरं धरू. पण ते आहे कुठे? आमच्या धायरीत तर नाही. पाषाणच्या झाडीत मोजायचं आणि धायरीच्या धुळीला लावायचं?

धूळपाटी

हा प्रश्न मात्र चोख. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं 'सफर' (हवेची गुणवत्ता मोजून अंदाज देणारी यंत्रणा) सुरू केलं ते आधी दिल्लीत, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी. मग पुण्यात आलं. शिवाजीनगर, कात्रज, हडपसर, लोहगाव, भोसरी, निगडी अशी केंद्रं आहेत. आजूबाजूच्या हवेचा अंदाज येण्यासाठी ही जाळी ठीक आहे. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी काँक्रीटचा मिक्सर उभा आहे की नाही, हे ती सांगू शकत नाही.

आणि खरं तर मुलांसाठी गल्लीच महत्त्वाची. डिझेलचा काळा धूर आणि अतिसूक्ष्म कण मोठ्या रस्त्याच्या कडेला सर्वांत दाट असतात आणि शंभर-दीडशे मीटर आत गेलं की बरेच विरळ होतात. पीएम २.५ इतक्या झपाट्यानं उतरत नाही, ते शहरभर पसरलेलं असतं. म्हणजे कर्वे रस्त्याच्या कडेनं चालण्यापेक्षा मागच्या समांतर गल्लीनं चाललं तर एका प्रकारचं प्रदूषण बरंच टळतं, दुसरं थोडंसंच.

रानजाईंच्या यजमानांसाठी: कारमध्ये बसलं म्हणून हवा आपोआप शुद्ध होत नाही. कोंडीत पुढच्या गाडीचा धूर सरळ तुमच्या गाडीच्या हवेच्या तोंडात येतो. काचा लावून आतलीच हवा फिरवली तर कण कमी होतात, पण चार माणसं बसली की कार्बन डायऑक्साइड वाढतो. आणि ती कार स्टॉपवरच्या दुसऱ्या पोरांना काय देते ते वेगळंच. मूल बुटकं, त्याचं नाक सायलेन्सरच्या जवळ, आणि वजनाच्या मानानं ते आपल्यापेक्षा जास्त हवा ओढतं.

सिमला_ऑफिसचा_स्टॉप

मागच्या पावसाळ्याचा रेड अलर्ट निघालाच आहे तर त्याबद्दल लिहितो. हवामान खात्यात आयुष्य गेलं, 'तुम्ही पाऊस सांगितला म्हणून छत्री घरी ठेवली' हा विनोद पुरेपूर ऐकलाय.

रंग हा पावसाचा रंग नसतो. 'माहिती ठेवा, तयारीत राहा, कृती करा' अशा त्या पायऱ्या असतात. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार, २०४.५ च्या पुढे अत्यंत जोरदार. पुणे जिल्ह्यात एका टोकाला ताम्हिणी आणि लोणावळा, दुसऱ्या टोकाला बारामती, इंदापूर. शहरात वर्षभरात सातशे-साडेसातशे मिलिमीटर पडतो, ताम्हिणीत त्याच्या कित्येक पट. म्हणून घाटमाथ्याचा इशारा वेगळा देतात. तो बातमीत येईपर्यंत 'पुण्याला रेड अलर्ट' एवढाच उरतो. सुट्टी हवामान खातं देत नाही, जिल्हाधिकारी देतात, आणि त्यांना मुळशी-वेल्ह्यातली, ओढा ओलांडून शाळेत येणारी मुलंही बघावी लागतात. कर्वेनगरातले कपडे वाळले म्हणून अंदाज चुकला असं होत नाही.

अंदाज चुकतातही, नाही म्हणत नाही. पण २०२४ च्या जुलैमध्ये खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत लोकांच्या घरात शिरलं, तेव्हा घाटात किती पडतोय याकडे शहरातल्या कोणाचं लक्ष होतं? शहरात पाऊस थांबलेला असतानाही नदी चढते. मुलं नदीकाठच्या रस्त्यानं जात असतील तर त्यांना विसर्गाचा आकडा वाचायला शिकवा, ढग बघून काही कळत नाही.

अवांतर: पुणं ब्रिटिशांच्या वेधशाळेमुळे या शास्त्राचं गाव झालं. १९२८ मध्ये मुख्यालय शिमल्याहून इथे आलं, म्हणून सिमला ऑफिस. रोज हजारो लोक त्या नावाचा चौक ओलांडतात आणि आत काय चालतं ते ठाऊक नसतं. शाळांच्या सहली कात्रजच्या सर्पोद्यानात जातात, आमच्याकडे फारशा येत नाहीत.

रानजाई

दंडवत दोघांनाही. सासऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "हे असं सरळ सांगायला यांना कोणी अडवलं होतं?" मायक्रोग्रॅमचे आकडे ५८ आणि ६१ निघाले! नवरा सध्या गप्प आहे, पण आता म्हणतोय की खरी भीती हवेची नव्हतीच, कर्वे रस्ता ओलांडायची आहे.

दुचाकी_त्यागलेला

अखेर मूळ मुद्दा आला. हवा ही सभ्य सबब आहे, घरोघरी तीच पुढे केली जाते. रस्त्याची भीती वाटते म्हटलं की 'मग काय करणार' असा प्रश्न उभा राहतो, हवेला ते विचारावं लागत नाही.

वाहतूक नियोजनाच्या अभ्यासात हमखास येणारं एक काम आहे. मेयर हिलमन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये इंग्लंडातल्या सात-आठ वर्षांच्या मुलांची १९७१ शी तुलना केली. १९७१ मध्ये त्यातली ८० टक्के मुलं शाळेत आपापली जात. १९९० मध्ये ९ टक्के. त्याच काळात रस्त्यावर मरणाऱ्या मुलांची संख्या घटली होती आणि सरकार म्हणत होतं, बघा, रस्ते सुरक्षित झाले. हिलमन म्हणाले, रस्ते नाही बदलले, मुलं रस्त्यावरून उचलली गेली. ज्या डोहात कोणी उतरत नाही तिथे बुडालेल्यांची नोंद शून्यच असणार.

वर जे चाललंय तेच इथे आहे. आकडा खरा, त्यावरून काढलेला अर्थ उलटा. आपल्याकडे एखाद्या चौकात शाळकरी मुलाचा अपघात झाला नाही म्हणून तो चौक मुलांसाठी बरा असं कोणी म्हणालं, तर आधी विचारा, तिथून किती मुलं पायी जातात?

शंकेखोर

इंग्लंड-जपानची उदाहरणं पुरे झाली हो. तिथे शिस्त आहे. इथे झेब्रावर उभं राहिलं तर मागून हॉर्न देतात.

दुचाकी_त्यागलेला

जपानचं नाव तुम्हीच काढलंत. तिथली पहिलीतली मुलं घोळक्यानं चालत शाळेत जातात, हे सगळे रक्तातल्या शिस्तीवर ढकलतात. १९६२ चा त्यांचा कायदा आहे: गाडी घ्यायची तर ती उभी करायला जागा आहे याचा दाखला दाखवावा लागतो. रात्रभर रस्त्यावर गाडी लावता येत नाही. त्यामुळे अरुंद गल्ली मोकळी राहते आणि ड्रायव्हरला मूल दिसतं. आपल्याकडे बुटकं मूल दोन उभ्या गाड्यांच्या फटीतून एकदम रस्त्यावर उगवतं. पुणे मनपानं २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केलं होतं, निवडक रस्त्यांवर पैसे घ्यायचे होते. किती विरोध झाला आठवतंय ना? ते कागदावरच राहिलं. त्याच वर्षी शहरातल्या नोंदणीकृत गाड्या लोकसंख्येच्या पुढे गेल्याच्या बातम्या होत्या.

हॉलंडही जन्मजात सायकलवालं नव्हतं. १९७१ मध्ये तिथे चारशेहून जास्त मुलं रस्त्यावर मेली, तेव्हा आईबाप रस्त्यात उतरले. शिस्त नंतर आली, आधी रस्ते बदलले.

मुलांकडून सगळी अपेक्षा ठेवू नका, एवढंच म्हणायचंय. ब्रिटनमधल्या प्रयोगांत दिसलं की प्राथमिक शाळेतल्या मुलांना ताशी साधारण तीस किलोमीटरहून वेगानं येणारी गाडी नीट जोखता येत नाही. हा हट्टीपणा नाही, डोळ्यांची आणि मेंदूची वाढच तेवढी असते. तीसची वेगमर्यादा जगभर मागतात ती यासाठीही. सहावीतली मुलगी त्या वयाच्या कडेला आहे, तेव्हा ओलांडणं सिग्नलवरच, हे ठाम ठेवा.

गुरुजी_मनपा

बराच वेळ वाचतोय. थोडं कडू लिहितो, राग मानू नये.

मी मनपाच्या शाळेत शिकवतो. वर्गातली बहुतेक मुलं एकटी येतात, पर्वतीच्या उतारावरच्या वस्तीतून, सिंहगड रस्ता ओलांडून. दुसरीतली ताई बालवाडीतल्या भावाचा हात धरून आणते. त्यांच्या आया सकाळी सहाला तुमच्या-आमच्या घरी कामाला निघालेल्या असतात. या मुलांना एकटं जाऊ द्यावं का, असा धागा कोणी काढत नाही. स्वातंत्र्य द्यायचं की नाही हा प्रश्न ज्यांच्या दारात कार उभी आहे त्यांचा.

आणि त्या मुलांना सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो ते त्यांनाच विचारलं. मला वाटलं बस, ट्रक म्हणतील. 'दुसऱ्या शाळेच्या बाहेर उभ्या असलेल्या गाड्या' म्हणाली. शाळा सुटायच्या वेळी पालकांच्या कार पदपथाला चिकटून दुहेरी रांगेत, इंजिन चालू. ही मुलं त्यातून वाट काढत भर रस्त्यात येतात.

हवेबद्दलही एक. सातवीच्या पोरांना विज्ञानाच्या तासाला पांढरी पट्टी व्हॅसलीन लावून खिडकीत आणि रस्त्याकडे टांगायला सांगितली. आठवड्यानं पट्ट्यांचे रंग बघून एक मुलगा म्हणाला, सर, खिडकीतली पण काळीच की. तेव्हापासून तो सफरचा फलक वाचतो. त्याच्या घरी शास्त्रज्ञ खोटं बोलतात असं कोणी म्हणत नाही, कारण पट्टी त्यानं स्वतः टांगली होती.

धूळपाटी

गुरुजी, कोणाला त्या पट्टीत पीएम २.५ दिसेल असं वाटू नये, तिला चिकटते ती जाडी धूळ. पण पुढच्या वेळी मला बोलवा, हातात मावणारं मोजणी यंत्र घेऊन येतो. ते अचूक नसतं, दमट हवेत जास्त दाखवतं, पण गल्ली आणि मोठा रस्ता यातला फरक पोरांना जागच्या जागी दिसेल.

गुरुजी_मनपा

आलात तर चहा माझ्याकडून. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

चिऊताई_एरंडवणे

रानजाई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणीच दिलं नाही, म्हणून. माझा मुलगा आता आठवीत, वनाझहून मेट्रोनं जातो. सुरुवातीला मी त्याच डब्यात पण दुसऱ्या टोकाला बसायचे, मग फक्त स्टेशनपर्यंत, मग जिन्यापर्यंत. मेट्रोत काळजी नाही. सगळी मेख स्टेशनातून उतरल्यावरच्या तुकड्यात: पदपथावर वडापावची गाडी, विजेचा डीपी, आणि उलट्या दिशेनं येणारे दुचाकीवाले. तो तुकडा आम्ही दोघांनी मिळून ठरवला, कुठल्या बाजूनं चालायचं ते त्यानं सुचवलं, कारण त्याच्या उंचीवरून मला न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात.

मुलीच्या बाबतीत माणसांची भीती वेगळी असते, ती इथे कोणी बोललं नाही. बसमध्ये गर्दीत कोणी त्रास दिला तर मोठ्यानं ओरडायचं, कंडक्टरला थेट सांगायचं, हे आधी घरी बोलून घ्या. त्या दोघी मैत्रिणींच्या आयांना भेटा. तिघी असल्या की निम्मी चिंता मिटते.

चहा_कमी_साखर

+१. आणि फोन? द्यावा का?

चिऊताई_एरंडवणे

साधा, बटणांचा. नाहीतर ती स्टॉपवर मान खाली घालून उभी राहील आणि बस निघून जाईल.

रानजाई

ठरलं ते सांगते. सोमवारपासून तिघी बसनं. स्टॉपपर्यंत मागच्या गल्लीनं, कर्वे रस्ता फक्त सिग्नलवर. पहिला आठवडा सासरे त्याच बसला, पण पुढच्या दारानं (हा त्यांचाच आग्रह, आता ते म्हणतात पोरीला हवेचा आकडा मीच शिकवणार). आकडा फारच चढला असेल तर मास्क, आणि त्या दिवशी शाळेत मैदानावर पळायचं नाही, असं ती स्वतः बाईंना सांगणार आहे. सांगेल का, बघू.

एकच अडलंय. आमच्या स्टॉपसमोरचा झेब्रा पुसून गेलाय आणि पदपथावर चढायला पायरीच गुडघ्याएवढी. कोणाकडे जायचं?

दुचाकी_त्यागलेला

क्षेत्रीय कार्यालयात लेखी द्या, पोच घ्या, फोटो जोडा. शिवाय मनपा दरवर्षी पुढच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं सुचवण्याचे अर्ज मागवते. त्यात उंचावलेला झेब्रा मागा, नुसती पट्ट्यांची रंगरंगोटी नको. ती एका पावसाळ्यात जाते.

शंकेखोर

अर्ज देऊन काही होत नाही. पण देणार असाल तर आमच्या धायरी फाट्याचाही एक जोडा, मजकूर मी लिहून पाठवतो.